वीस आकडे आणि घरातली वीज : प्रीपेड मीटरविषयी वाचकांच्या शंका

आधी पैसे भरायचे, मिळालेले आकडे मीटरच्या बटणांवर दाबायचे आणि मग वीज वापरायची, अशा पद्धतीचा मीटर ज्यांच्या घरी आहे त्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साठली आहेत. प्रत्येक वीज कंपनीचे नियम आणि प्रत्येक मीटरची बटणे थोडीफार निराळी असतात. म्हणून सर्वांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून त्यांचीच उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या मीटरमध्ये सिम कार्ड नाही आणि त्याला इंटरनेटची जोडणीही नाही. तरीही पावतीवरचे वीस आकडे दाबताच युनिट वाढतात. मी पैसे भरले हे मीटरला कसे कळते? आणि तेच आकडे शेजाऱ्यांच्या मीटरवर का चालत नाहीत?

उत्तर : पैसे भरल्याचे मीटरला दुसरे कोणीही कळवत नाही. तो निरोप तुम्ही स्वतःच, त्या वीस आकड्यांच्या रूपाने, मीटरपर्यंत पोहोचवता. अनेक देशांतील असे मीटर ‘स्टँडर्ड ट्रान्सफर स्पेसिफिकेशन’ म्हणजेच एसटीएस या मानकानुसार चालतात. हे मानक १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत आकाराला आले आणि पुढे आयईसी ६२०५५-४१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले. त्यानुसार प्रत्येक मीटरची स्वतःची एक गुप्त संख्या असते. मीटरचा क्रमांक, वीज कंपनीचा संकेतांक आणि तुम्हाला लागू असलेला दरगट यांवरून ती ठरते. मीटरच्या आत ती साठवलेली असते आणि टोकन, म्हणजेच हे वीस आकडे, विकणारी यंत्रणाही ती जाणते. तुम्ही पैसे भरता तेव्हा किती युनिट द्यायचे, टोकन कोणत्या मिनिटाला तयार झाले आणि आकड्यांत चूक झाल्यास ती पकडणारी तपासणीची संख्या, एवढा मजकूर त्या गुप्त संख्येने बंद करून वीस आकड्यांत बसवला जातो. तुमच्या घराच्या किल्लीने शेजाऱ्यांचे कुलूप उघडत नाही, तसेच तुमच्या मीटरसाठी बंद केलेला मजकूर दुसऱ्या मीटरला उलगडत नाही. तयार झाल्याची वेळ प्रत्येक टोकनात असल्यामुळे आणि स्वीकारलेल्या टोकनांची नोंद मीटर ठेवत असल्यामुळे तेच टोकन त्याच मीटरवर दुसऱ्यांदाही चालत नाही.

या रचनेतून एक गोष्ट निघते आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार तीच आहे : असा मीटर एकटा काम करतो. तुमची शिल्लक किती आहे हे कंपनीला दिसत नाही आणि तुमचे पैसे कुठे अडकले आहेत हे मीटरला दिसत नाही. या दोघांना जोडणारा पुरावा फक्त तुमच्याजवळ असतो, आणि तो म्हणजे पावती. म्हणून ती जपून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : काल घेतलेले टोकन मीटरने नाकारले. मी ते पुन्हा पुन्हा टाकून पाहिले, तर आता मीटर कोणताच आकडा घेत नाही. मीटर बिघडला का?

उत्तर : बहुधा बिघडलेला नाही. लागोपाठ चुकीचे आकडे पडले की अनेक मीटर काही काळ नवी नोंद घेणे थांबवतात आणि प्रत्येक नव्या चुकीबरोबर हा काळ वाढतही जातो. कोणी अंदाजाने आकडे टाकत बसू नये यासाठी ही सोय केलेली आहे. तेव्हा आधी हात थांबवा आणि मीटरला थोडा वेळ द्या.

त्या वेळात पावतीवरचा मीटर क्रमांक आणि मीटरच्या पट्टीवरचा क्रमांक एकेक आकडा जुळवून पाहा. एसटीएस मीटरचा क्रमांक बहुधा अकरा आकडी असतो आणि त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा असल्यामुळे खरेदीच्या वेळी एखादाच आकडा चुकला तर विक्रीची यंत्रणाच तो पकडते. मात्र मोबाइलमध्ये जुन्या घराचा किंवा नातेवाइकांचा क्रमांक साठवलेला असेल आणि त्यावरच पैसे भरले गेले असतील, तर ही चूक कोणतीही यंत्रणा पकडू शकत नाही, कारण तो क्रमांक दुसऱ्या घरासाठी अगदी बरोबर असतो. टोकन नाकारले जाण्याच्या प्रकारांत हा प्रकार बराच आढळतो.

क्रमांक जुळत असेल तर आकडे पुन्हा वाचा. पावतीचा कागद उष्णतेने छापला जाणारा असेल तर त्याची छपाई लवकर फिकट होते आणि तीनचा आठ, एकचा सात असा घोटाळा होतो. म्हणून घेतल्याबरोबर पावतीचा फोटो काढून ठेवणे चांगले. चार-चार आकड्यांचे गट करून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने दाबायचे, असे केल्यास चूक क्वचितच होते. मीटरच्या पडद्यावर टोकन ‘वापरलेले’ असल्याची सूचना आली तर आधी शिल्लक तपासा, कारण पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते टाकलेले असते. ‘जुने’ अशी सूचना आली तर त्यानंतरची बरीच टोकने मीटरने आधीच घेतली आहेत असा त्याचा अर्थ होतो. एसटीएस मीटर किमान शेवटच्या ५० टोकनांची वेळ लक्षात ठेवतो आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या टोकनापेक्षाही आधीचे टोकन स्वीकारत नाही. दोन-चार टोकने मागेपुढे टाकल्याने बिघडत नाही, पण टोकन वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये.

एवढे करूनही टोकन चालले नाही तर पावती आणि पडद्यावरच्या सूचनेचा फोटो घेऊन कंपनीकडे जा. तुमचे पैसे बुडालेले नसतात.

प्रश्न : आमचे दुसरे घर दीर्घकाळ बंद होते. मीटरमध्ये शिल्लक होती, त्यामुळे दिवे लागले. पण नवे टोकन मात्र तो घेत नाही. पावतीवर आकड्यांच्या तीन ओळी आल्या आहेत, त्या कशासाठी?

उत्तर : पहिल्या दोन ओळी वीज देणाऱ्या नाहीत, त्या मीटरची गुप्त संख्या बदलणाऱ्या आहेत. टोकनात जी वेळ असते ती १ जानेवारी १९९३ पासून मोजलेल्या मिनिटांत लिहिलेली होती आणि त्या जागेत १,६७,७७,२१६ मिनिटांपर्यंतचीच मोजणी मावत होती. ती मोजणी २४ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली. त्याआधी जगभरातील लाखो एसटीएस मीटरमध्ये गुप्त संख्या बदलून मोजणी नव्याने सुरू करावी लागली, आणि ज्या मीटरमध्ये हा बदल झाला नाही ते नवे टोकन घेत नाहीत. जुनी शिल्लक मात्र संपेपर्यंत चालते. तुमच्या घरी नेमके हेच दिसले.

पहिली ओळ, मग दुसरी ओळ आणि त्यानंतर विजेचे टोकन, असा क्रम पाळा. त्याआधी घरात न वापरलेले जुने टोकन पडले आहे का ते शोधा. गुप्त संख्या बदलल्यावर जुने टोकन त्या मीटरला वाचता येत नाही, म्हणून ते आधी टाकून पाहावे. दरगट बदलला तरी अशीच बदलाची टोकने येतात, त्या वेळीही गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : एकाच महिन्यात दोनदा सारखीच रक्कम भरली. पहिल्यांदा जेवढे युनिट मिळाले, त्याहून दुसऱ्यांदा बरेच कमी मिळाले. माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव नेमका उलटा आहे. यात लबाडी तर नाही ना?

उत्तर : दोन्ही अनुभव खरे असू शकतात आणि दोन्हींमागे सरळ हिशेब असू शकतो. जेथे वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो तेथे पहिली युनिट्स स्वस्त आणि पुढची महाग असतात. समजा, पहिल्या १०० युनिटांपुढचा दर दीडपट आहे आणि तुमच्या पहिल्या खरेदीतच ती १०० युनिट्स घेऊन झाली; तर दुसऱ्यांदा त्याच रकमेत सुमारे ६७ युनिट्सच मिळतील. येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मीटर आपला वापर कंपनीला कळवत नसल्यामुळे टप्पा तुमच्या वापरावरून ठरत नाही, तो त्या महिन्यातल्या खरेदीवरून ठरतो. त्यामुळे टप्प्यांचा दर असेल तेथे एकदम मोठा साठा करून बचत होत नाही, उलट जास्त पैसे जातात. महिनाअखेरीस शिल्लक आठवडाभर पुरण्यासारखी असेल तर खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलणे हिताचे असते.

तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत बहुधा स्थिर आकार किंवा जुनी थकबाकी महिन्याच्या पहिल्या खरेदीतून वजा होत असावी. मग पहिल्या वेळी कमी आणि नंतर जास्त युनिट मिळतात. दोन महिने खरेदीच केली नाही तर दोन्ही महिन्यांचे आकार एकदम कापले जातात आणि हाती फारच थोडे युनिट येतात. काही मीटर शिल्लक युनिटांऐवजी पैशांत दाखवतात. त्यांत हा आकार मीटरच रोज किंवा आठवड्याला कापतो, म्हणून घर बंद असतानाही शिल्लक उतरते. पावतीवर ही फोड छापलेली असते. ती छापलेली नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही.

प्रश्न : नवा मीटर बसल्यापासून वीज जास्त जाते असे आम्हाला वाटते. मीटर वेगाने पळतो की नाही, हे घरच्या घरी पाहता येईल का?

उत्तर : अंदाज नक्की घेता येतो. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते शेजारी छापलेले असते. ही संख्या पुष्कळदा १००० असते. घरातली सर्व उपकरणे बंद करा, प्लग काढा आणि दिवा पाहा. नंतर ज्याची क्षमता पट्टीवर लिहिलेली आहे असे, आतून आपोआप बंद-चालू न होणारे एकच उपकरण लावा, उदाहरणार्थ पाणी तापवणारी साधी विद्युत कांडी. ती पाण्यात बुडवल्यावरच चालू करायची, हे सांगायला नकोच. ती २००० वॅटची असेल आणि मीटर युनिटाला १००० वेळा लुकलुकणारा असेल, तर दिवा दर १.८ सेकंदांनी लागायला हवा. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणून मोजायला सुरुवात केली की ‘दहा’ येईपर्यंत १८ सेकंद जातील.

उत्तर थोडे मागेपुढे आले तर लगेच मीटरला दोष देऊ नका. विजेचा दाब दहा टक्के कमी असला तर अशा उपकरणाची प्रत्यक्ष क्षमता सुमारे १९ टक्क्यांनी घटते आणि लुकलुकीही तितकीच मंदावते. मात्र दाब नेहमीचा असताना आणि बाकी सर्व बंद असताना दहाच्या जागी सतत तेरा-चौदा लुकलुकी येत असतील, तर कंपनीकडे लेखी अर्ज करून मीटरची चाचणी मागावी.

सर्व प्लग काढल्यावरही दिवा लुकलुकत राहिला तर मीटरच्या पुढचा मेन स्विच बंद करून पाहा. त्याने लुकलुक थांबली तर घरातल्या वायरिंगमध्ये वीज झिरपते आहे किंवा भिंतीआड काहीतरी जोडलेले आहे. परवानाधारक वायरमनला त्याच दिवशी बोलवा, कारण अशी झिरप पैशांआधी जिवाला धोकादायक असते. मेन स्विच बंद करूनही लुकलुक सुरूच असेल तर दोष मीटरमध्ये आहे किंवा मीटर आणि स्विच यांच्यामधून कोणीतरी वीज घेत आहे. ही तक्रार थेट कंपनीकडे करावी.

पुष्कळ घरांत मात्र मीटर बरोबरच असतो, आणि पूर्वी महिन्याच्या बिलात दडलेला खर्च आता रोज डोळ्यांसमोर उतरताना दिसतो. नुसते प्लगला लावून ठेवलेले, दहा वॅट खाणारे उपकरणसुद्धा वर्षाला सुमारे ८८ युनिट घेते.

प्रश्न : पुरवठा बंद पडला तर मीटरमधली शिल्लक पुसली जाते का?

उत्तर : नाही. शिल्लक वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत साठवलेली असते. अर्धवट टाकलेले टोकन मात्र पहिल्या आकड्यापासून पुन्हा टाकावे लागते.

प्रश्न : आमच्या वडिलांना घरी रात्रभर ऑक्सिजनचे यंत्र लागते. मध्यरात्री शिल्लक संपली तर काय, या काळजीने झोप लागत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि माझे मत स्पष्ट आहे : ज्या घरात कोणाचा श्वास विजेवर अवलंबून आहे, त्या घरात शिल्लक संपताच वीज तोडणारा मीटर असू नये. डॉक्टरांचे पत्र जोडून कंपनीकडे बिलाच्या मीटरसाठी लेखी मागणी करा आणि अर्जाची पोच घ्या. अशा ग्राहकांची वेगळी नोंद ठेवण्याची सोय अनेक ठिकाणी असते.

तो बदल होईपर्यंत काही गोष्टी आजच करा. शिल्लक कमी झाल्याचा इशारा कोणत्या आकड्याला द्यायचा हे काही मीटरमध्ये ठरवता येते. तो किमान तीन दिवसांच्या वापराएवढा ठेवा. मीटरमध्ये आणीबाणीची उधारी आहे का आणि ती कोणत्या बटणाने सुरू होते, हे शिल्लक भरपूर असतानाच विचारून घ्या. ती आपोआप सुरू होईल असे समजू नका, आणि वापरलेली उधारी पुढच्या टोकनातून आधी वजा होते हेही ध्यानात ठेवा. काही कंपन्यांचे मीटर रात्री व सुटीच्या दिवशी वीज तोडत नाहीत, पण ही सवलत सर्वत्र नसते. एक टोकन विकत घेऊन, न टाकता, मीटरच्या दारामागे चिकटवून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते वापरून नवे ठेवा. याखेरीज पुरवठाच खंडित झाला तर टोकनाचा काहीच उपयोग होत नाही, म्हणून भरलेले ऑक्सिजन सिलिंडर किंवा यंत्रासाठी बॅटरी घरात असलीच पाहिजे.

आणखी एक सूचना सर्वांसाठी आहे. शिल्लक संपून वीज गेली असेल तर टोकन टाकण्यापूर्वी इस्त्री, शेगडी, हीटर यांची बटणे बंद करा, कारण अनेक मीटर टोकन स्वीकारताच वीज सोडतात आणि चालू राहिलेली इस्त्री त्या क्षणापासून तापू लागते.

प्रश्न : भाड्याच्या नव्या घरात आलो. पहिल्याच खरेदीत निम्मी रक्कम कापली गेली. हे आधीच्या भाडेकरूचे देणे असेल का?

उत्तर : तशी शक्यता बरीच आहे. मीटरच्या खात्यावर आधीच्या रहिवाशाची थकबाकी लावलेली असेल तर ती प्रत्येक खरेदीतून कापली जाते. घराचा ताबा मिळाल्याच्या तारखेचा कागद, मीटर क्रमांक आणि मीटरवरील वाचनाचा फोटो घेऊन खाते आपल्या नावावर करून घ्या आणि कापलेली रक्कम परत मागा. खरे तर हे काम पहिल्या खरेदीच्या आधी व्हायला हवे. घर सोडतानाही कंपनीला कळवा, नाहीतर हाच त्रास पुढच्या माणसाला होईल.

प्रश्न : एक ओळखीचा माणूस निम्म्या किमतीत टोकन देतो म्हणतो. मीटर ‘सैल’ करून देण्याचीही त्याची तयारी आहे.

उत्तर : दोन्हींना स्पष्ट नकार द्या. विक्रीच्या अधिकृत यंत्रणेबाहेर तुमच्या मीटरचे टोकन तयार करता येत नाही, म्हणून स्वस्त टोकन बहुधा खोटे किंवा चोरीच्या यंत्रणेतून आलेले असते. मीटरचे झाकण उघडले की अनेक मीटर ती छेडछाड नोंदवून वीज तोडतात आणि कंपनीच्या खास टोकनाशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत. मीटरकडे येणारी तार कोणत्याही घरगुती स्विचने बंद होत नाही. तिला हात लावणारा माणूस दगावू शकतो.

प्रश्न : आई एकटी राहते. तिची नजर अधू आहे आणि मीटर उंचावर बसवलेला आहे. दर वेळी टोकन टाकायला शेजाऱ्यांना बोलवावे लागते, याचे तिला वाईट वाटते.

उत्तर : तिचा हा स्वाभिमान जपला जाईल अशीच व्यवस्था करू या. मोजणारा भाग बाहेर आणि आकडे दाबायचा भाग घरात, अशा दोन तुकड्यांचे मीटर मिळतात. आईच्या मीटरच्या जागी तसा बसवून द्यावा, असा अर्ज कंपनीकडे करा. दाबायचा भाग तिच्या हाताच्या उंचीवर, उजेडात असावा. त्यात बॅटरी असेल तर ती वेळोवेळी बदला, कारण बॅटरी संपली की घरात वीज असूनही पडदा कोरा राहतो.

बहुतेक कीपॅडवर पाचच्या बटणावर एक उंचवटा असतो. तो बोटाला सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार आणि उजवीकडे सहा, ही जागा नजरेवाचूनही कळते. आकडा पडल्यावर आवाज करणारा मीटर असेल तर तो आवाज मोजायला शिकवा. तुम्ही फोनवर चार आकडे सांगायचे, तिने ते दाबून पुन्हा म्हणून दाखवायचे आणि मग पुढचे चार, अशा पाच फेऱ्यांत टोकन पूर्ण होते. शेवटचा आकडा चुकला तर मागे नेणारे बटण कोणते, ते तिला आधीच दाखवून ठेवा आणि त्या बटणावर खरखरीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. महिन्यातून एकच खरेदी पुरेल अशी रक्कम ठरवली तर हे काम तिला महिन्यातून एकदाच करावे लागेल. फक्त ती रक्कम महागड्या टप्प्यात जात नाही ना, हे आधी पावतीवरून पाहून घ्या.